भिंतीतली माया

माझा नवरा गेला आणि सासरा राहिला. गेला म्हणजे देवाघरी नव्हे. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईकडे, आणि तिथे तो अगदी ठणठणीत आहे. जाताना वडिलांनाही न्यायची तयारी त्याने दाखवली होती. बाबा तेव्हा खिडकीपाशी मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "हे पडदे द्यायचेत अजून." पडदे दिले, मग कुणाचा कोट आला, कुणाची पँट सैल करायला आली, आणि तो विषय तिथेच मिटला. लोक विचारतात, हे तुमचे कोण? मी म्हणते, बाबा. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी साहेबांवर जे तोंड सोडलं त्यामागे हे होतं. एरवीही माझं तोंड बंद नसतंच, तो भाग वेगळा.

मी घरं आखते. वास्तुविशारद हा शब्द फार भारी आहे आणि माझ्याकडे येणारी कामं काही तेवढी भारी नसतात. दवाखान्याचा वाढीव मजला, शाळेची स्वच्छतागृहं, एखाद्या दुकानाचा पोटमाळा. त्यामुळे आश्रय मागायला आलेल्या लोकांसाठी तात्पुरती घरं आखायचं काम मिळालं तेव्हा मी हरखून गेले. आपापला देश सोडून जीव मुठीत धरून आलेली ही माणसं. इथे राहायची परवानगी मिळेल की नाही, याचा निकाल लागेपर्यंत त्यांनी राहायचं कुठे? सध्या ती एका खेळाच्या हॉलमध्ये होती. शहराच्या कडेला फर्निचरचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, त्यात मला खोल्या बसवायच्या होत्या.

तो हॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जमिनीवर खेळाच्या मैदानाच्या रंगीत रेघा तशाच, त्यांच्यावर लोखंडी खाटा, आणि खाटांच्या मधे दोऱ्यांवर टाकलेले पडदे. खोकला एकाला आणि जाग सगळ्यांना. बायका कपडे बदलताना एकमेकींसाठी चादर धरून उभ्या राहत होत्या. मी बाहेर आले ती ठरवूनच: या माणसांना भिंत द्यायची. खरीखुरी, ठोकली तर आवाज येईल अशी. आणि दाराला आतून कडी.

म्हणून मी गोदामाचे तीन भाग केले. पुढे कुटुंबांच्या खोल्या. मागे डावीकडे एकट्या बायका, उजवीकडे एकटे पुरुष. दोघांची येण्याजाण्याची दारं वेगळी, न्हाणीघरं वेगळी, अंगणंसुद्धा वेगळी. बायका आणि पुरुष यांच्या मधे मी एक नाही, दोन भिंती घातल्या आणि त्यांच्यात पोकळी सोडली. पाण्याचे पाईप तिथून जातील आणि इकडचा आवाज तिकडे जाणार नाही, असा त्यात दुहेरी फायदा. हे काम देणाऱ्या सरकारी विभागाच्या साहेबांनी त्या दुहेरी भिंतीवर बोट ठेवून "हे बेस्ट" म्हटलं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मग विभागानेच सुचवलं की नकाशा पक्का करण्याआधी तो तिथे राहणाऱ्यांना दाखवा. साहेब माणूस वाईट नाही, हे इथेच लिहून ठेवते. पुढे विसरायला होईल.

हॉलमध्ये टेबलटेनिसचं एक टेबल होतं, त्यावर मी नकाशा पसरला. सोबत दुभाषीबाई होत्या. त्या स्वतःही पूर्वी कधीतरी अशाच आलेल्या. आता आपली भाषा इतकी फर्डी बोलतात की रागावल्या तर मलाही गप्प बसवतात. माणसं गोळा झाली. त्यांचे प्रश्न मला अगदी मनापासून आवडले. खिडकी उघडते का? फोन चार्ज करायला बटण उशापाशी आहे का? आरसा लावायचा राहिलाय का, की मुद्दाम दिलेला नाही? आरसा मी विसरले होते. तसं कबूल केलं तर बायका खो खो हसल्या.

गर्दीच्या कडेला एक तिशीतली बाई उभी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं कोपर तिने धरलं होतं आणि कागदावर काय काय आहे ते त्यांच्या कानात सांगत होती. त्यांना दिवसा अंधूक दिसतं आणि ऊन उतरलं की तेवढंही दिसत नाही, हे मला नंतर कळलं. ताटात काय कुठे वाढलंय, पुढे पायरी आहे की सपाट, समोरचा माणूस हसतोय की नुसताच उभा आहे, हे सगळं ती त्यांना सांगायची. आणि ते मान डोलवायचे, जणू आपल्याला आधीच माहीत होतं.

"आमची खोली कुठली?" तिने विचारलं.

"आमची म्हणजे?"

"माझी आणि बाबांची."

मी कुटुंबांच्या बाजूची, कोपऱ्यातली, भरपूर उजेडाची खोली दाखवली. तिने ती त्यांना बोटाने कागदावर फिरवून दाखवली. दारातून आत, इथे खाट, इथे दुसरी खाट, ही खिडकी. मला फार बरं वाटलं. आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी ते बरं वाटणं पुसून टाकलं.

"ते दोघं कुटुंबात बसत नाहीत," ते म्हणाले. "ती इकडे, ते तिकडे."

"तिकडे म्हणजे पुरुषांकडे? एकटे?"

"एकटे कसे, बाकीचे पुरुष आहेत की." मग त्यांनी जरा अवघडून खरं काय ते सांगितलं. ती दोघं आली तेव्हा तिने 'हे माझे बाबा' म्हटलं. तेव्हाच्या दुभाष्याने 'वडील' असं सांगितलं. नंतर चौकशीत तिच्या वडिलांचं नाव वेगळंच निघालं, ते तर हयातही नव्हते. "म्हणजे पहिलंच वाक्य खोटं. वरच्या लोकांना संशय आला, तो राहिला. आता म्हणतात, सासरे आहेत."

"मग आहेतच सासरे!"

"असतील हो. पण नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं आणि आपले आईवडील. सासरा-सून असं नियमात नाहीच."

"तिचा नवरा कुठे आहे?"

साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "वाटेत गेला. बोट उलटली होती."

हा मात्र खरोखरचा गेला होता.

आणि मग माझं डोकं फिरलं. "साहेब, सासऱ्याला बाबा म्हटलं तर खोटं कसं झालं? मी माझ्या सासऱ्यांना बाबा म्हणते. माझी आई तिच्या सासऱ्यांना बाबा म्हणायची. तुमच्या मिसेस तुमच्या वडिलांना काय म्हणतात, नावाने हाक मारतात? त्यांच्या भाषेतही असंच असणार! चूक असेल तर त्या दुभाष्याची, तिची नव्हे."

"ते मला पटतं," साहेब शांतपणे म्हणाले. "पण तुमच्या घरी तुमचे मिस्टर असतील ना मधे? इथे मधला माणूसच नाही."

"माझ्या घरीही नाही! मिस्टर गेले सोडून. सासरे राहिले माझ्याकडे."

साहेब म्हणाले, "मग आमच्या नियमाने तुम्हालाही मी एकत्र ठेवू शकलो नसतो." ते चेष्टेने म्हणाले की खेदाने, मला अजून ठरवता आलेलं नाही. नियम बदलायला वर लिहायचं त्यांनी कबूल केलं, आणि वरून उत्तर येईपर्यंत गोदाम भरून गेलेलं असेल, हेही सांगून टाकलं.

तर परिस्थिती अशी होती. त्या घाणेरड्या हॉलमध्ये ती दोघं पडद्याच्या अल्याडपल्याड तरी होती. माझ्या चांगल्या, स्वच्छ, कडीवाल्या घरात त्यांच्यामधे दोन भिंती, दोन अंगणं आणि रात्री बंद होणारं फाटक येणार होतं. आणि त्या भिंती काढूनही टाकता येत नव्हत्या. हॉलमध्ये बायकांना रात्री काय काय सोसावं लागलं होतं ते दुभाषीबाईंनी मला सांगितलं होतं. त्या भिंतींवर कितीजणींची झोप अवलंबून होती.

संध्याकाळी मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून नुसतीच बसले होते. बाबा आले, चष्मा चढवला आणि वाकून बघू लागले. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. त्यांच्यासमोर कुठलाही मोठा कागद आला की तो बेतलेल्या कपड्याचाच असतो.

"ही पाठ," ते पुढच्या भागावर हात फिरवत म्हणाले, "आणि या दोन बाह्या."

"बाबा, ते गोदाम आहे."

"असेना. बाह्या जोडल्यात बरोबर. आणि इथे माया ठेवलीस ते झकास केलंस. हल्ली ठेवत नाहीत कोणी, कापड वाचवतात." त्यांचं बोट नेमकं त्या दुहेरी भिंतीवर होतं.

मला हसू आवरेना. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला या घरात कळलं होतं. "अहो, ती भिंत आहे! दोन भिंती. मधे पाईप जातात."

"म्हणजे मायाच की," बाबा मुळीच ओशाळले नाहीत. "दिसत नाही, पण असते. उद्या माणूस अंगाने भरला, तर उसवायचं आणि सैल करायचं. मायाच ठेवली नसती तर झगा फेकावा लागला असता." एवढं बोलून ते मशीनकडे गेले, कारण त्यांच्या मते कपड्याचं परीक्षण संपलं होतं.

मी हसत होते ती थांबले. कागदावर परत वाकून बघितलं. बायकांकडची सर्वात शेवटची खोली आणि पुरुषांकडची सर्वात शेवटची खोली एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या, आणि मधे पोकळी. पाईप तिथपर्यंत पोचतच नव्हते, अलीकडेच वळत होते. ती पोकळी तिथे दोन्ही खोल्यांमधून थोडं थोडं घेऊन रुंद केली तर दोन खुर्च्या आणि एक स्टूल मावेल एवढी जागा होत होती, टोकाला बाहेरच्या भिंतीत खिडकीसुद्धा. या खोलीतून तिथे एक दार, त्या खोलीतून एक दार. तिच्या दाराची कडी तिच्या खोलीत आणि त्यांच्या दाराची त्यांच्या. दोघांनी आपापली कडी काढली तरच भेट. एकाने जरी लावून घेतली तरी भिंत आहे तशीच भक्कम. मी पेन्सिल घेतली आणि भाजी करपली तरी उठले नाही.

नवा नकाशा घेऊन मी साहेबांकडे गेले तेव्हा मनात एक छान थाप तयार ठेवली होती: हवा खेळती राहण्यासाठी मधली जागा, वगैरे. साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "हे सगळ्यांसाठी आहे की त्या दोघांसाठी?"

थाप कुठल्या कुठे पळाली. "त्या दोघांसाठी," मी म्हटलं. "उद्या आणखी कोणी येतील. दीर-भावजय, मावशी आणि तिचा मोठा भाचा. ज्यांचं नातं तुमच्या नियमात नाही असे. त्यांना ही खोल्यांची जोडी द्यायची."

"कड्या कुठल्या बाजूला?"

मी दाखवल्या. त्यांनी मान हलवली. "कागदावर दोघं एकटेच राहतात. बायकांच्या सुरक्षेला धक्का नाही. अग्निशमनवाल्यांना जास्तीचं दार दिलेलं आवडेलच." माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच ते म्हणाले, "पण तिला विचारलंत का?"

"कशाबद्दल?"

"तिला हे दार हवंय का. तरुण आहे. सासऱ्याचं करण्यातून सुटावं असं वाटत असेल तर? तुम्ही दार ठेवलंत की कडी लावून घ्यायला तिला वाईटपणा घ्यावा लागेल. भिंत असली की वाईटपणा नियमाचा."

सांगितलं ना, माणूस वाईट नाही. पण त्या वेळी मला ते नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं लागलं, कारण मी विचारलं नव्हतं. मी तिच्या जागी स्वतःला बसवून मोकळी झाले होते.

त्या दिवशी जेवताना मी बाबांना विचारलंच. "बाबा, हा सोडून गेला तेव्हा मी तुम्हाला 'राहता का' असं विचारलं असतं, तर?"

"तर नाही म्हणालो असतो," बाबा म्हणाले. इतक्या झटकन की मला ते लागलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. घास खाली ठेवून म्हणाले, "अगं, म्हाताऱ्याला विचारलं की म्हातारा नाहीच म्हणतो. तुझ्या गळ्यात कशाला पडू? बरं झालं विचारलं नाहीस. पडद्यांच्या निमित्ताने राहून गेलो." पाणी पिऊन हळूच म्हणाले, "पण अजूनही कधीकधी वाटतं, हिने आपल्याला ठेवून घेतलंय की हिला आपल्याला काढता आलं नाही?"

"ठेवून घेतलंय," मी म्हटलं, आणि आवाज चढला माझा, कारण रडू येत होतं. "कळलं? ठेवून घेतलंय!"

"बरं बरं," बाबा म्हणाले. "ओरडतेस काय? मीठ दे."

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये गेले, दुभाषीबाईंना घेऊन. ती मागच्या नळांपाशी त्यांचा सदरा धूत होती. मुद्दाम ते जवळ नसताना मी तिला सगळं सांगितलं. भिंत, मधली जागा, दोन दारं, दोन कड्या. आणि म्हटलं, "हे दार नको असेल तर आत्ताच सांगा. मी भिंत पहिल्यासारखी करून टाकेन. असं काही विचारलं होतं हेही कुणाला कळणार नाही. त्यांनाही नाही."

तिने सदरा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. ओले हात कपड्यांना पुसले. मग विचारलं, "माझ्या दाराची कडी माझ्याच बाजूला?"

"तुमच्याच."

"आणि नाही म्हटलं तर चालेल?"

"चालेल."

ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही. दोरीवरच्या सदऱ्याची कॉलर सरळ करत ती उभी राहिली, आणि मला दिसलं की ती खरोखर विचार करतेय, मोकळी असती तर कशी असती ते बघून येतेय. मी काही बोलणार होते, पण दुभाषीबाईंनी माझा हात दाबला.

"लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "घर सोडून निघालो तेव्हा विचारलं नव्हतं. बोटीत बसतानाही नाही. बाबा रोज म्हणतात, तू बायकांकडे सुखाने राहा, माझी काळजी करू नकोस. मी म्हणते, मी तुमच्याबरोबर येणार. तर म्हणतात, तुला दुसरं कोणी नाही म्हणून म्हणतेस. त्यांना वाटतं, मी त्यांच्यापाशी अडकून पडलेय. मी कितीही सांगितलं तरी ते मानत नाहीत." ती माझ्याकडे वळली. "दार हवं मला. पण हे त्यांना तुम्ही सांगा. असं सांगा की हिला बाजूला घेऊन विचारलं. हिला नाही म्हणता येत होतं. आणि ही हो म्हणाली."

आम्ही तिघी आत गेलो. म्हातारबाबा खाटेच्या कडेवर बसले होते, पाय जुळवून, अंगात नुसती बंडी. मांडीवर गाठ मारलेलं एक बोचकं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई दुभाषीबाईंना म्हणाली, गोदामात हलवणार हे कळल्यापासून हे असेच बांधून बसलेत. माझं सामान वेगळं केलंय, म्हणतात, म्हणजे हिला ऐनवेळी त्रास नको.

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिने सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. दुभाषीबाई एकेक वाक्य त्यांच्या भाषेत करत गेल्या. ते ऐकत होते, पण तोंड माझ्याकडे नव्हतं, थोडं बाजूला, आवाज कुठून येतोय याचा अंदाज घेतलेलं.

"नाही म्हणता येत होतं?" त्यांनी विचारलं.

"येत होतं."

"तिला भीड तर नाही घातली कुणी?"

"नाही बाबा," मी म्हटलं. बाबा हा शब्द माझ्या तोंडून आपसूक गेला आणि दुभाषीबाईंनी तो न बदलता तसाच पोचवला असावा, कारण ते पहिल्यांदा बरोबर माझ्या दिशेला वळले. "ती बराच वेळ विचार करत होती. मग हो म्हणाली."

'बराच वेळ' हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. लगेच हो म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. त्यांनी हात पुढे केला, हवेत तिला शोधलं, आणि ती सापडल्यावर तिला काहीतरी म्हणाले. ती डोळ्यांना हात लावून हसायला लागली. दुभाषीबाईंनी नाक पुसलं. मला कोणी सांगेना.

"काय म्हणाले?" मी चिडून विचारलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती आणि कशासाठी ते कळायला नको?

"म्हणाले, मग आता हे बोचकं सोड. माझा जाड सदरा त्यात सगळ्यात खाली गेलाय आणि मला कालपासून थंडी वाजतेय."

गाठ घट्ट बसली होती. तिने ती दातांनी सोडवली, सदरा काढला, त्यांच्या डोक्यातून घातला, आणि मग मात्र त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांची भाषा मला येत नाही, पण 'मला आधी का नाही सांगितलंत' एवढं कुठल्याही भाषेत कळतं. ते मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते, आणि मधेच दुसरी बाही सापडेना तेव्हा त्यांनी हात तिच्यापुढे धरला.